गालातलं जाळं

एकादशीचा दिवस, आणि तीर्थपुरीच्या रस्त्यावर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सकाळपासून जत्रा लोटली होती. अंबडहून, घनसावंगीहून, पार वाटूर फाट्यावरून काळ्या-पिवळ्या जिपा टपावर माणसं घेऊन येत होत्या. हलगी कडाडत होती, उदाचा धूर कोंडला होता आणि शेडभर माणसं तोंड उघडून बसली होती. उगीच म्हणायचं म्हणून नाही, खरोखरच आ वासून. कारण भुजंगनाथ महाराजांचा चेला साहेबराव हातात बॅटरी घेऊन एकेकाच्या तोंडात डोकावत फिरत होता. कुणाच्या गालात काही पांढरं दिसलं की तो आरसा पुढं धरी, त्या माणसाला ते पांढरं दाखवी आणि ओरडे, "जाळं हाये, महाराज!"

ज्याच्या गालात काहीच दिसत नसे त्यालाही कुणी निराश करत नव्हतं. "ह्याचं पोटात हाये. पुढच्या खेपंला या."

महाराज तक्क्याला टेकून बसलेले. भगवी कफनी, गळ्यात कवड्यांची माळ आणि चेहऱ्यावर नुकतं लोणी चोपडावं तशी तकाकी. ते फक्त फळं खातात, असं साहेबराव येताजाता सांगत असे. शेडबाहेर महाराजांचा पांढरा घोडा बांधलेला होता. त्याच्या मात्र बरगड्या मोजून घ्याव्यात. तोही बहुतेक फलाहारीच असावा.

"कोण विणतं हे जाळं?" महाराज गरजले. "कोळी विणतो? न्हाई! जाऊ विणती, सवत विणती, भावकी विणती! खोटी शपथ घेतली का एक धागा, नेम मोडला का दुसरा धागा! ये इन्सान का जाल नहीं, करनी का जाल है! निकल! बाहर निकल!"

ऐन भरात आले की महाराज हिंदीत शिरत. करणीला मराठी कळत नसावी.

समोर बोरखेडीची दुर्गाबाई बसली होती, रामकिसन पाटलांची बायको. एरवी ही बाई असल्या ठिकाणी फिरकणारी नव्हे. तिचा देव तिच्या घरात होता. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा अध्याय, मग लाखवातीच्या नेमाला बसून कापसाच्या वाती वळायच्या. चतुर्थी, एकादशी, चातुर्मास, एकही चुकायचं नाही. पण दिवाळीपासून तिच्या तोंडाला काय झालं होतं कोण जाणे. ठेच्याचं बोट जिभेला लागलं की गालात निखारा ठेवल्यासारखं होई. सुनेनं एकदा उजेडात पाहिलं तर दोन्ही गालांना आतून पांढऱ्या बारीक रेघांची जाळी. पिठाची रांगोळी काढावी तशी. सून बिचारी घाबरून म्हणाली, "आत्याबाई, हे काय वो?" आणि दुर्गाबाईच्या मनात एकच पाल चुकचुकली: आपल्या हातून नकळत एखादा नेम मोडला तर नसंल?

त्या एका शंकेनं तिला या शेडमध्ये आणून बसवलं होतं. सोबत शेजारच्या शेतातली गोपिकाबाई होती, धुळाजीची घरवाली. यांच्या घरची माणसं पूर्वी मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडत. आता थोडी जमीन होती, आणि गोपिकाबाईच्या कोंबड्या साऱ्या शिवारात नावाजलेल्या. तिच्याही तोंडात होतं काहीतरी. खालच्या ओठाच्या आत, एकाच बाजूला, जिथं ती सकाळ-संध्याकाळ मिश्री लावून तशीच धरून ठेवी. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरडीला लावल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. निर्जळी उपासाला पाण्याचा थेंब घेणार नाही, पण मिश्री हवीच. "मिश्री उपासाला चालती," असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि देवानंही कधी हरकत घेतली नव्हती.

महाराजांनी ताटातला ओला कापसाचा बोळा उचलला. दुर्गाबाईच्या गालात बोट घालून तो गरगर फिरवला. हलगी वाढली. महाराजांचा हात थरथरू लागला, डोळे पांढरे झाले, आणि चिमटीत लोंबकळत बाहेर आलं एक पांढरं, पातळ, ओलं जाळं! साहेबरावनं ते पितळी वाटीत पाण्यावर सोडलं. ते पसरलं, तरंगलं. बायकांनी हात जोडले. गोपिकाबाईच्या ओठाखालूनही तसंच निघालं, जरा लहान.

दुर्गाबाईला मात्र तोंडात एक वास राहिल्यासारखा वाटला. वशाट, कच्चट. तिनं चूळ भरली आणि मनात म्हणाली, करणीचा वास असाच असत असंल.

"आता आयका," महाराज म्हणाले. "पुढच्या अवसंपर्यंत आरशात तोंड बघायचं न्हाई. बघणारीच्या नजरेनं जाळं परत विणलं जातं. तिखट बंद, दूधभात खायाचा. तोंडाला डॉक्टरचं लोखंड लावायचं न्हाई. लोखंड लागलं का जाळं घशात उतरतं. अन् हे काढलेलं देवापाशी ठेवायचं, अवस झाली का गंगेला सोडायचं."

उठताना साहेबरावनं गोपिकाबाईला हळूच विचारलं, "मावशे, घोड्याच्या खुराकाची अंडी?"

"आणली की," तिनं पिशवी पुढं केली. "महाराजाच्या घोड्याला माझ्या कोंबड्यांची अंडी. सेवा हाये, पैसे नको." केवढा अभिमान होता तिला त्याचा!

*

दुर्गाबाईनं नेम घेतला म्हणजे घेतला. घरातला आरसा तिनं उलटा करून ठेवला. कुंकू अंदाजानं लावायची. ते कधी भुवईवर जाई, कधी भांगात शिरे. रामकिसन जेवताना म्हणायचा, "आज कुंकू कुणीकडं निघालं?" आणि सून पदरात तोंड लपवून हसायची.

पण आग कमी झाली, हे खरं. तिखट खाल्लंच नाही तर आग कशानं होणार, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही. बोरखेडीतही कुणाला पडला नाही. "दुर्गाकाकूला फरक पडला" ही बातमी मात्र जिपेपेक्षा जल्दी पोचली आणि शेडमधली गर्दी दुप्पट झाली.

गोपिकाबाईला तर औषधाचीही गरज उरली नाही. "मला दुखतच न्हाई. पैलेबी दुखत नव्हतं," ती म्हणायची आणि मिश्रीची डबी उघडायची.

अवस उलटली. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई अंगणात उन्हाला पाठ करून बसली, आरशानं कवडसा तोंडात घेतला आणि गाल ओढून पाहिलं. जाळं होतं. तिथंच, तसंच. एक रेघ कमी झाली नव्हती.

ती तडक शेडवर गेली.

"महाराज, जाळं निघालं न्हाई."

महाराजांनी डोळे मिटले. "निघाल्तं. परत विणलं. माय, तुझा नेम चुकला."

"माझा?"

"तुझाच. कुठंतरी खोट झाली."

बाकी काहीही म्हणाले असते तर दुर्गाबाईनं ऐकून घेतलं असतं. ती मऊ बोलणारी, वर मान करून न भांडणारी बाई. पण जिनं बाळंतपणातही एकादशी सोडली नाही, तिला हा कफनीवाला सांगत होता की तुझा नेम चुकला! ती तशीच उठली. घरी आली, देवापाशी ठेवलेली कुंकवाची जुनी डबी उचलली, जिच्यात ते वाळकं जाळं गंगेची वाट पाहत पडलं होतं, आणि रामकिसनला म्हणाली, "मला अंबडला न्या."

"कशाला?"

"बेबीनंदाकडं."

बेबीनंदा म्हणजे गोपिकाबाईची भाची, भावाची मुलगी. औरंगाबादला शिकून दातांची डॉक्टर झालेली. अंबडच्या बसस्टँडसमोर जिना चढून गेलं की तिचा दवाखाना.

*

"काकू, आ करा. अजून मोठा. घाबरू नका." बेबीनंदानं छोटा आरसा आत घातला, कापडाच्या पट्टीनं गाल घासून पाहिला. "बघा, पुसलं जात नाही. बुरशी असती तर सायीसारखी निघून आली असती. दोन्ही गालांत सारखंच आहे, जाळीदार. मनगट दाखवा बरं."

बांगड्या वर सारल्या तर खाली जांभळट, चपटे, खाजरे ठिपके.

"ते बांगड्यांनी झालंय," दुर्गाबाई म्हणाली.

"बांगड्यांनी नाही. गालातल्या जाळ्याचं भावंड आहे ते." बेबीनंदानं खुर्ची सरळ केली. "ह्याला लायकेन प्लेनस म्हणतात. शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात ना, त्या चुकून आपल्याच माणसावर उठतात. कातडीवर, गालाच्या अस्तरावर. का उठतात ते अजून पुरतं कळलेलं नाही. कुणाला लागत नाही, कुणाकडून येत नाही."

दुर्गाबाईनं घुटमळत विचारलं, "नेम चुकल्यानं?"

बेबीनंदा हसली नाही. "काकू, नेम करणाऱ्यांनाही होतं, न करणाऱ्यांनाही होतं. पेशींना एकादशी कळत नाही."

दुर्गाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजाराचं नव्हे. इतके दिवस उरावर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला, त्याचं.

"खात्रीसाठी बारीकसा तुकडा काढून औरंगाबादला तपासायला पाठवू. मलम देते, आग कमी होईल. जाळी कदाचित राहील. राहू द्या. पण दर सहा महिन्यांनी दाखवायचं, कारण क्वचित कुणाचं त्यातून बिघडतं."

"पण मंग त्यानं माझ्या गालातून काढलं ते काय?" दुर्गाबाईनं डबी पुढं केली.

बेबीनंदानं त्या वाळक्या चकतीवर पाणी सोडलं. ती फुगली, मऊ झाली, पांढरी पडली. बेबीनंदानं ती उजेडाकडं धरली, वास घेतला, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलू लागला.

"काकू, जरा लांब बसा. माझा डबा उघडते, त्यात उकडलेलं अंडं आहे."

दुर्गाबाईनं खुर्ची मागं सारली, नाकाला पदर लावला. बेबीनंदानं अंडं फोडलं, टरफलाच्या आतून नखानं एक पातळ पांढरा पापुद्रा सोलला आणि काचेवर त्या 'जाळ्या'शेजारी ठेवला. डावं कुठलं नि उजवं कुठलं, सांगता येऊ नये.



"म्हंजे..." दुर्गाबाईनं डबीकडं पाहिलं. "एकादशीच्या दिवशी माझ्या तोंडात... अन् तेच मी देवापाशी..."

"होय काकू."

"मुडदा बशिवला त्याचा!" आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ही शिवी गेली. रामकिसन दाराबाहेरून दचकून आत डोकावला.

मग ती गोपिकाबाईबद्दल बोलू लागली. बेबीनंदा ऐकता ऐकता गंभीर झाली.

"एकाच जागी? मिश्रीच्या जागी? बोटाला कडक लागतं म्हणते? भरत नाही?"

"पण तिला दुखत न्हाई. माझंच दुखतं."

"तेच तर वाईट आहे, काकू. तुमचं जळतं, पण ते जिवावरचं नाही. तिचं दुखत नाही, म्हणून ती गप्प बसलीय. डोळ्यानं बघितल्याशिवाय मी नाव घेणार नाही. पण तुम्ही सांगता तसं असेल तर ते कॅन्सरच्या वाटेवर आहे. आत्ता आली तर वाचेल. तिच्या तोंडात काहीतरी आहे एवढंच कानावर आलं होतं, तेव्हापासून मी निरोपावर निरोप धाडले. आत्या म्हणते, लोखंड लागलं का जाळं घशात उतरतं."

दुर्गाबाई उठली. "ती तुझं आयकणार न्हाई, माझंबी आयकणार न्हाई. तिचा विश्वास त्या मेल्याच्या ताटात हाये. तिथूनच काढावा लागंल."

*

गुरुवारी शेड पुन्हा भरली होती. गोपिकाबाई पुढच्या ओळीत अंड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. दुर्गाबाई आली. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात वातींची परडी. मागं रामकिसन आणि बेबीनंदा.

"ये माय," महाराज पघळले. "उमगली ना चूक?"

"उमगली महाराज. जाळं तसंच हाये. काढा."

महाराजांचा हात ताटाकडं गेला.

"थांबा. कापूस हा घ्या." तिनं परडीतून बोळा काढला. "देवाच्या वातीचा हाये. अंघोळ केल्याबिगर ह्याला हात लावत न्हाई मी."

"माझा मंतरलेला हाये."

"मंग हाबी मंतरा. का देवाच्या कापसाला तुमचा मंतर लागत न्हाई?"

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या की महाराज! बाई बराबर बोलून राह्यली." बायकांनीही माना हलवल्या. देवाच्या वातीचा कापूस नाकारायचा कसा? महाराजांनी तो घेतला. गालात फिरवला. हलगी वाढली, हात थरथरला, डोळे पांढरे झाले, हिंदी सुरू झाली. "निकल! निकल!" काही निकललं नाही. पुन्हा फिरवला. कपाळावर घाम आला. लोणी वितळू लागलं.

"पोटात गेलं," महाराज म्हणाले.

"आस्सं?" दुर्गाबाई मऊ आवाजातच म्हणाली. "मंग तुमच्या कापसात बघू."

साहेबराव पुढं झाला तेवढ्यात तिनं ताटातला एक बोळा उचललासुद्धा. वर्षानुवर्षं वाती वळलेले हात ते. चिमटीनं तिनं कापूस पिंजून उलगडला. पोटात घडी घातलेलं, ओलं, पांढरं जाळं. दुसरा उलगडला. जाळं. तिसरा. जाळं.

"बघा गं बायांनो! तुम्ही तोंड उघडायच्या आधीच तुमची जाळी हितं तयार! उद्या येणाऱ्यांचीबी आजच विणून ठेवलीत!"

हलगी आपोआप थांबली.

तिनं एक जाळं उचलून गोपिकाबाईच्या तळहातावर ठेवलं. "गोपिके, तू कोंबड्या पाळतीस. मी तर अंड्याला हात लावला न्हाई कधी. तूच सांग हे काय हाये."

गोपिकाबाईनं ते बोटानं पसरलं. नाकाशी नेलं. मग मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं, शेडबाहेरच्या हाडकुळ्या घोड्याकडं पाहिलं, आणि सरतेशेवटी महाराजांच्या तुकतुकीत गालांकडं.

"अगं माय! ही तर अंड्याची चामडी!" ती उठून उभी राहिली. "माझ्याच कोंबडीचं अंडं माझ्याच तोंडातून काढलं गं ह्यानं! अन् घोड्याच्या नावानं गिळलं कुणी?"

शेडमध्ये हसण्याचा असा भडका उडाला की पत्रे वाजले. मात्र सगळेच हसले नाहीत. "पण मला फरक पडल्ता," असं एकजण कुरकुरला. "तिखट सोडलं म्हणून पडला," बेबीनंदा म्हणाली. "आज ठेचा खाऊन बघा, मग सांगा." दुसरा म्हणाला, "काहीतरी शक्ती असंलच की." अशा माणसांना अंड्याचं टरफल हातात दिलं तरी ते त्याच्यात मोती शोधतील.

"मंग आरसा का बघू देत नव्हता?" कुणीतरी विचारलं.

"काढायच्या आधी आरसा दाखवायचा, कारण पांढरं खरंच असतं," बेबीनंदा म्हणाली. "काढल्यावर दाखवायचा नाही, कारण ते तिथंच असतं. एवढीच विद्या आहे ह्यांची. लबाडी वाटीतली होती, आजार मात्र खरे आहेत. हितं बसलेल्यांपैकी कुणाचं साधं असेल, कुणाचं मिश्रीचं, कुणाचं गुटख्याचं, आणि कुणाचं जीव घेणारं. ह्यानं सगळ्यांना एकच पापुद्रा वाटला."

महाराज तोवर मागच्या दारानं जिपेत बसले होते. गडबडीत घोडा विसरले. शेडमागं टरफलांचा ढीग सापडला, आणि ढिगाशेजारी स्टो, तवा, कांदे, मिरच्या. फळं एवढीच होती तिथं.

गोपिकाबाईनं मिश्रीची डबी कमरेच्या पिशवीतून काढली, थोडा वेळ हातात धरली आणि भाचीच्या हातात दिली. "चल. कुठं लोखंड लावायचं ते लाव."

तिच्या ओठाचा तुकडा तपासून आला तेव्हा बेबीनंदाचा अंदाज खरा निघाला. रोग सुरुवातीचाच होता. औरंगाबादला तेवढा भाग कापून काढला. गोपिकाबाईचा ओठ एका बाजूनं जरा ओढल्यासारखा झाला आहे. हसली की जास्त दिसतो, आणि ती पुष्कळ हसते. पांढरा घोडा तिनंच सोडवून आणला. आता त्याच्या बरगड्या दिसत नाहीत. अंडी मात्र ती त्याला देत नाही.

दुर्गाबाईच्या तुकड्यात बेबीनंदा म्हणाली होती तेच निघालं. तिचं जाळं आहे तसंच आहे. मलम लावते, ठेचा बेतानं खाते, सहा महिन्यांनी अंबडला जाऊन येते. तिचे सगळे नेम चालू आहेत. देवाशी तिचं भांडण नव्हतंच कधी. ज्यानं डोळे दिले तो डोळे मिटून घ्या म्हणणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. जो आरसा बघू नका म्हणतो, प्रश्न विचारू नका म्हणतो, डॉक्टरकडं जाऊ नका म्हणतो, तो देवाचा माणूस नव्हे, त्याला काहीतरी लपवायचं आहे, हे ओळखायला कुठली विद्या लागते?

नेमांमध्ये तिनं एकाची भर मात्र घातली आहे. संक्रांतीला हळदी-कुंकवाला येणाऱ्या बायकांना ती अंगणात उन्हात बसवते, हातात आरसा देते आणि मऊ आवाजात म्हणते, "आधी आ करा. गाल ओढून बघा, ओठ उलटून बघा, जीभ उचलून बघा. पांढरं, लाल, न भरणारं काही दिसलं तर उद्याच्या उद्या दवाखाना. दुखो का न दुखो." बायका लाजतात, हसतात, पण आ करतात. शेजारी वाकड्या ओठाची गोपिकाबाई बसलेली असते ना. ती टाळू देत नाही कुणाला.